थायरॉइडच्या गाठीतली साखर पचवणारी एन्झाइमं कशी मोजायची: भाजक आधी ठरवा

गाठीत हेक्झोकायनेज (ग्लुकोजला पहिलं फॉस्फेट लावणारं एन्झाइम) तिप्पट झालं, एलडीएच (पायरुवेटचं लॅक्टेट करणारं) दुप्पट झालं, असं कुणी सांगितलं की आधी विचारायचं: भागलंत कशाने? इतर अवयवांत ‘दर मिलिग्रॅम प्रथिनामागे इतकी युनिट’ हे माप बहुतेक वेळा चालून जातं. थायरॉइडमध्ये ते फसवतं. निरोगी ग्रंथीच्या फॉलिकलमध्ये (पेशींनी वेढलेल्या गोल पोकळीत) कोलॉइड भरलेलं असतं आणि कोलॉइड म्हणजे मुख्यतः थायरोग्लोब्युलिन. ग्रंथीतल्या विरघळणाऱ्या प्रथिनाचा मोठा हिस्सा एकट्या याच प्रथिनाचा असतो. ते पेशीबाहेर साठवलेलं असतं, आणि ग्लुकोज जाळण्याशी त्याचा काही संबंध नाही. पॅपिलरी कॅन्सरमध्ये कोलॉइड कमी असतं, अ‍ॅनाप्लास्टिक या सर्वांत आक्रमक प्रकारात जवळजवळ नसतंच. म्हणजे पेशीतलं एन्झाइम जसंच्या तसं राहिलं तरी भाजक लहान झाल्यामुळे उत्तर फुगतं.

सोयीचे आकडे घेऊन पाहू. समजा, निरोगी बाजूच्या होमोजेनेटमध्ये (टिश्यू बफरमध्ये घोटून केलेल्या द्रवात) दर मिलिलिटरला हेक्झोकायनेज ०.२० युनिट, प्रथिन १० मिलिग्रॅम आणि डीएनए ०.१५ मिलिग्रॅम आहे. गाठीच्या होमोजेनेटमध्ये तेच आकडे ०.३०, ५ आणि ०.३० आहेत. प्रथिनाने भागलं तर ०.०२ वरून ०.०६, म्हणजे तिप्पट वाढ. डीएनएने भागलं तर १.३३ वरून १.००, म्हणजे चक्क घट. मोजणीत कुठेही चूक नसताना निष्कर्ष उलटा झाला. म्हणून थायरॉइडसाठी डीएनए हा मुख्य भाजक धरा. प्रथिन आणि ओलं वजन सोबत नोंदवून ठेवा. डीएनएचीही एक अडचण आहे. गाठीच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या बदललेली असू शकते, आणि ऑन्कोसायटिक (मायटोकॉन्ड्रियाने गच्च भरलेल्या पेशींच्या) गाठींमध्ये तर गुणसूत्रांचा जवळजवळ अर्धाच संच उरलेला सापडतो. तरीही ही चूक जास्तीत जास्त दुपटीच्या आसपासची असते, कोलॉइडमुळे होणारी चूक त्याहून मोठी होऊ शकते.

कोलॉइड किती आहे हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर रिड्यूसिंग जेलवर दोन्ही अर्कांचं सारखं प्रथिन चढवा. थायरोग्लोब्युलिनचं एक उपघटक सुमारे ३३० किलोडाल्टनचं असतं. निरोगी बाजूच्या रांगेत अगदी वर जाड पट्टा दिसतो, गाठीच्या रांगेत तो फिका असतो. ‘सारखं प्रथिन चढवलं’ म्हणून केलेल्या वेस्टर्न ब्लॉटलाही (अँटिबॉडीने जेलवरचं प्रथिन ओळखायची चाचणी) हाच आजार आहे. कोलॉइड धुऊन काढण्यासाठी टिश्यू बारीक चिरून सलाईनमध्ये हलवत ठेवण्याच्या फंदात मात्र पडू नका. चिरलेल्या पेशींतून एलडीएच आणि जी-६-पीडी (पेंटोज मार्गाचं पहिलं एन्झाइम, एनएडीपीएच बनवणारं) त्याच पाण्यात वाहून जातात.

तुकडा घेणं

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आधी हवी. तुकडा पॅथॉलॉजिस्टने ग्रॉसिंग (काढलेली ग्रंथी पाहून कापणं) करताना द्यायचा, आपण कापून घ्यायचा नाही. फॉलिक्युलर गाठीत अडेनोमा की कार्सिनोमा हे कॅप्सूल किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का यावर ठरतं. त्यामुळे कॅप्सूलचा एकही भाग संशोधनासाठी जाता कामा नये. तुकडा गाठीच्या मध्याकडून घ्या. १ सेंटीमीटरहून लहान गाठ असेल तर तिला हात न लावलेलाच बरा.

गाठीचे १०० मिलिग्रॅमचे दोन तुकडे आणि निरोगी टिश्यूचे तेवढेच घ्या. निरोगी तुकडा शक्यतो विरुद्ध लोबमधून घ्या, गाठीला लागून असलेला नको. प्रत्येक तुकड्याच्या एका कडेची पातळ चकती क्रायोस्टॅटवर कापून तिला एचअँडई रंग देऊन घ्या आणि गाठीच्या पेशी किती टक्के आहेत ते लिहून ठेवा. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर तो तुकडा बाजूला ठेवा. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण पुढच्या निम्म्या शंका तिच्यामुळे मिटतात: नेक्रोसिस, फायब्रोसिस, आणि सगळ्यात जास्त त्रास देणारा हाशिमोटो थायरॉइडायटिस. लिम्फोसाइट खच्चून भरलेले असतील तर त्यांचं स्वतःचं ग्लायकोलिसिस मोजलं जातं आणि श्रेय कॅन्सरला मिळतं.

बर्फाच्या सलाईनमध्ये पटकन एकदोनदा बुडवून रक्त काढा, टिपकागदावर टिपा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, उणे ८० अंशांवर ठेवा. ग्रंथी शरीराबाहेर आल्यापासून गोठेपर्यंत अर्ध्या तासाच्या आत उरकायचं. लॅक्टेट किंवा एटीपीसारखे रेणू मोजायचे असतील तर अर्धा तासही फार झाला, कारण धमन्या बांधल्यापासून ते मिनिटामिनिटाला बदलत असतात. एन्झाइमची कमाल क्षमता तेवढ्यात ढळत नाही. अपवाद फॉस्फोफ्रुक्टोकायनेजचा. गोठवणं, पातळ करणं आणि आम्लता, तिन्हीने ते मोडतं. ते हवंच असेल तर ताज्या टिश्यूवर त्याच दिवशी मोजा. फ्रीझरमधल्या जुन्या नमुन्यांवरचे आकडे सोडून द्या.

नमुन्यासोबत एवढी माहिती असलीच पाहिजे: शस्त्रक्रियेआधीचं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक), लेव्होथायरॉक्सिन किंवा कार्बिमाझोल चालू होतं का, वय, लिंग. कारण पुढे कळेल.

अर्क

बफर असं: ट्रिस ५० मिलिमोलर (पीएच ७.५), पोटॅशियम क्लोराइड १५० मिलिमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड ५, ईडीटीए १, डीटीटी १, ग्लुकोज ५ मिलिमोलर, एनएडीपी ०.०२ मिलिमोलर आणि ट्रायटन एक्स-१०० अर्धा टक्का. पीएमएसएफ (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं) १ मिलिमोलर ऐनवेळी घाला, पाण्यात ते तासाभरातच निकामी होऊ लागतं. ग्लुकोज आणि डीटीटी हेक्झोकायनेजला सांभाळतात, एनएडीपी जी-६-पीडीला. ट्रायटन वगळू नका. हेक्झोकायनेज-१ आणि २ मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलाला चिकटलेली असतात. ट्रायटनविना सेंट्रिफ्यूज केलं तर तीच खाली बसतात, आणि गाठीत ज्याची वाढ शोधायची तेच आपण गाळासोबत फेकून देतो.

थायरॉइडची गाठ चिवट असते, पॅपिलरीत कॅल्शियमचे कणही असतात. गोठलेला तुकडा खलात द्रव नायट्रोजन ओतत भुकटी होईपर्यंत कुटा (चष्मा आणि हातमोजे घालून). मग १०० मिलिग्रॅमला १ मिलिलिटर थंड बफर घालून बर्फात होमोजेनायझरचे दहा-दहा सेकंदांचे तीन झटके द्या, मध्ये अर्धा मिनिट थांबा. फेस आला तर एन्झाइम बिघडतं. दांडा पृष्ठभागाखाली ठेवा.

सेंट्रिफ्यूज करण्याआधी ५० मायक्रोलिटर होमोजेनेट डीएनएसाठी बाजूला काढा. ही गोष्ट विसरली की सगळं मुसळ केरात, कारण वरच्या स्वच्छ द्रवात डीएनए जेमतेम असतो. डीएनए होएक्स्ट ३३२५८ या रंगाने, २ मोलर मीठ असलेल्या बफरमध्ये फ्लुओरोमीटरवर मोजा. एवढं मीठ लागतंच, कारण त्याने डीएनएवरची प्रथिनं सुटतात. उरलेलं होमोजेनेट ४ अंशांवर १२,००० जी वर १५ मिनिटं फिरवा. पहिल्या काही नमुन्यांत गाळ पुन्हा त्याच बफरमध्ये मिसळून त्यातलं हेक्झोकायनेज मोजून पाहा. एकूण क्रियेच्या दहा टक्क्यांहून जास्त गाळात सापडलं तर सेंट्रिफ्यूज न केलेल्या होमोजेनेटवरच मोजणी करा.

प्रथिनासाठी ब्रॅडफर्ड वापरणार असाल तर ट्रायटन आडवं येतं; अर्क किमान वीसपट पातळ करा आणि स्टँडर्डही तितक्याच पातळ केलेल्या बफरमध्ये बनवा. बीसीए पद्धतीला डीटीटी खटकतं.

मोजणी

सगळ्या मोजण्या ३४० नॅनोमीटरवर (एनएडीएच आणि एनएडीपीएच तिथे प्रकाश शोषतात), १ मिलिलिटरच्या क्युव्हेटमध्ये, ३७ अंशांवर. ट्रिसचा पीएच दर अंशामागे सुमारे ०.०३ ने उतरतो. २५ अंशांवर ७.८ ला लावलेला बफर ३७ ला ७.४५ च्या आसपास जातो. खाली दिलेले पीएच ३७ अंशांचे आहेत, तिथेच लावा.

हेक्झोकायनेज: ट्रिस १०० मिलिमोलर (पीएच ७.८), मॅग्नेशियम क्लोराइड १०, ग्लुकोज ५, एनएडी १ मिलिमोलर, ल्युकोनोस्टॉक जिवाणूतलं जी-६-पीडी २ युनिट, अर्क २० ते ५० मायक्रोलिटर. तीन मिनिटं थांबा, सुरुवातीची छोटी उडी शांत होऊ द्या, मग एटीपी ५ मिलिमोलर घालून पाच मिनिटं वाचन घ्या. एटीपीचा साठा सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ ला आणलेला हवा, नाहीतर तो क्युव्हेट आंबट करतो. मॅग्नेशियम नेहमी एटीपीहून जास्त ठेवा. ब्लँकमध्ये एटीपी वगळा, ग्लुकोज नव्हे. ग्लुकोज अर्कातच आहे.

इथे यीस्टमधलं जी-६-पीडी आणि एनएडीपी वापरायची सवय सर्रास आहे. त्यात एक खाच आहे. पहिल्या पायरीतून तयार झालेलं ६-फॉस्फोग्लुकोनेट टिश्यूतलंच ६-पीजीडी (पेंटोज मार्गातलं पुढचं एन्झाइम) उचलतं आणि दुसरं एनएडीपीएच बनवतं. गाठीत ६-पीजीडी जास्त असेल तर हेक्झोकायनेज वाढल्यासारखं दिसतं. ल्युकोनोस्टॉकचं एन्झाइम एनएडीवर चालतं, माणसाचं जी-६-पीडी आणि ६-पीजीडी एनएडीपीशिवाय चालत नाहीत, त्यामुळे ही भानगड मुळातच टळते. किंमत थोडी जास्त पडते, पण ती द्यावी.

जी-६-पीडी: ट्रिस १०० मिलिमोलर (पीएच ८.०), मॅग्नेशियम क्लोराइड १०, एनएडीपी ०.४ मिलिमोलर, अर्क ५० मायक्रोलिटर. दोन क्युव्हेट लावा. पहिल्यात ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि ६-फॉस्फोग्लुकोनेट दोन्ही १-१ मिलिमोलर, दुसऱ्यात फक्त ६-फॉस्फोग्लुकोनेट. पहिल्यातून दुसरं वजा केलं की जी-६-पीडी, दुसरं म्हणजे ६-पीजीडी. एकाच क्युव्हेटमध्ये फक्त ग्लुकोज-६-फॉस्फेट घालून काढलेला आकडा दोघांची खिचडी असतो.

पायरुवेट कायनेज: ट्रिस ५० मिलिमोलर (पीएच ७.४), पोटॅशियम क्लोराइड १००, मॅग्नेशियम क्लोराइड १०, एडीपी २, एनएडीएच ०.२ मिलिमोलर, एलडीएच ८ युनिट, अर्क १० मायक्रोलिटर; सुरुवात फॉस्फोइनॉलपायरुवेटने. हे एन्झाइम तीनदा मोजा: फॉस्फोइनॉलपायरुवेट २ मिलिमोलर असताना, ०.२ असताना, आणि ०.२ सोबत फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट ०.५ मिलिमोलर घालून. शेवटच्या दोहोंतला फरक मोठा असेल तर तुमच्यासमोर पीकेएम-२ सारखं, फ्रुक्टोज बिसफॉस्फेटने जागं होणारं रूप आहे. गाठीत पीकेएम-२ चं प्रथिन वाढलेलं असतं तेव्हाही पेशीत त्याचं काम मंद असू शकतं, म्हणून एकाच, भरपूर सब्स्ट्रेटच्या मोजणीवर विसंबू नये. बफरमध्ये सेरीन हे अमिनो आम्ल नको. तेही पीकेएम-२ ला चालना देतं.

एलडीएच सगळ्यात सोपं आणि म्हणूनच निष्काळजीपणे मोजलं जातं. पोटॅशियम फॉस्फेट ५० मिलिमोलर (पीएच ७.४), एनएडीएच ०.२, पायरुवेट १ मिलिमोलर. अर्क पन्नास ते शंभर पट पातळ करून त्यातले २० मायक्रोलिटर घ्या. पातळ करायच्या बफरमध्ये अल्ब्युमिन १ मिलिग्रॅम दर मिलिलिटर असू द्या. मिनिटाला ०.१५ पेक्षा जास्त उतार पडत असेल तर आणखी पातळ करा. पायरुवेट ‘जास्त असलेलं बरं’ म्हणून १० मिलिमोलर घातलं तर एच (हृदय प्रकारच्या) उपघटकाचं एलडीएच दबतं. एकूण क्रियेपेक्षा आयसोएन्झाइमचा पट्टा जास्त बोलतो. अगारोज जेलवर पाचही पट्टे वेगळे करून लॅक्टेट, एनएडी, पीएमएस आणि एनबीटी (रंग उमटवणारी रसायनं) यांनी रंगवा आणि ४ व ५ कडे सरक झाली आहे का पाहा. एलडीएच-५ थंडीत ढेपाळतं. त्यामुळे वितळवलेला अर्क पुन्हा गोठवून पुढच्या आठवड्यात जेल लावलं, तर नेमका गाठीतला वाढलेला पट्टाच नाहीसा झालेला असतो.

दोन चाचण्या प्रत्येक एन्झाइमला एकदा तरी करा. अर्क निम्मा केल्यावर उतार निम्मा व्हायला हवा. जोड एन्झाइम (मोजणीसाठी बाहेरून घातलेलं जी-६-पीडी किंवा एलडीएच) दुप्पट केल्यावर उतार तसाच राहायला हवा. वाढला तर आजवर तुम्ही गाठीचं नव्हे, बाटलीतल्या एन्झाइमचं माप घेत होता. शिवाय बऱ्याच ग्रंथींचं एकत्र होमोजेनेट करून छोट्या नळ्यांत गोठवा आणि रोज एक नळी मोजा. तिचा आकडा १० टक्क्यांहून जास्त हलला तर त्या दिवशीचे निकाल टाका.

हिशोब आणि रक्त

एनएडीएच आणि एनएडीपीएच दोन्हींचा गुणांक ३४० नॅनोमीटरला ६.२२ (मिलिमोलर, सेंटीमीटर). मिनिटाला ०.०६२ वाढ, ब्लँक वजा करून, २० मायक्रोलिटर अर्क: ०.०६२ भागिले ६.२२ म्हणजे क्युव्हेटमध्ये ०.०१ युनिट, भागिले ०.०२ मिलिलिटर म्हणजे दर मिलिलिटर अर्काला ०.५ युनिट. मग त्याच होमोजेनेटच्या डीएनएने भागा. एलडीएचला पातळ केल्याची पट गुणायला विसरू नका. प्लेट रीडरवर १ सेंटीमीटर धरायचं नाही; ९६ खणांच्या साध्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटरची उंची जेमतेम ०.६ सेंटीमीटरच्या आत-बाहेर येते, ती आपल्या प्लेटवर मोजून घ्या. अ‍ॅनाप्लास्टिकच्या कोअर बायॉप्सीतून काही मिलिग्रॅमच मिळतात, तिथे प्लेटशिवाय पर्याय नाही.

थायरॉइडला रक्तपुरवठा भरपूर, आणि लाल पेशींत यातलं बरंच काही असतं. दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे ढोबळमानाने एलडीएच २०० युनिट, पायरुवेट कायनेज १५, जी-६-पीडी ८, हेक्झोकायनेज दोनच्या आत. अर्कातलं हिमोग्लोबिन ड्रॅबकिन द्रावणाने ५४० नॅनोमीटरवर मोजा (त्यात सायनाइड असतं, आम्लाशी गाठ पडू देऊ नका) आणि तितका वाटा वजा करा. दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर ०.२ युनिट एलडीएच रक्ताचं. एलडीएचच्या एकूण आकड्यात ते खपून जाईल, पण जी-६-पीडीच्या हिशोबात ०.००८ युनिटही जाणवू शकतं.

आकडे वाचताना

जी-६-पीडी वाढलं की लगेच कॅन्सर डोळ्यांसमोर आणू नका. निरोगी थायरॉइडलाही एनएडीपीएच भरपूर लागतं: आयोडीन प्रथिनाला जोडण्यासाठी जे हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं ते ड्युऑक्स-२ हे एन्झाइम एनएडीपीएच वापरून बनवतं, आणि उरलेल्या आयोडोटायरोसिनमधलं आयोडीन परत मिळवायलाही एनएडीपीएचच लागतं. टीएसएचने ग्रंथीचा ग्लुकोज वापर आणि पेंटोज मार्ग दोन्ही वाढतात. टीएसएच ०.१ असलेला रुग्ण आणि ८ असलेला रुग्ण एकाच रकान्यात घातले तर फरक औषधाचा की गाठीचा हे सांगता येणार नाही. म्हणून तुलना नेहमी त्याच रुग्णाच्या विरुद्ध लोबशी, जोडीने करा.

जोडीलाही एका ठिकाणी धक्का बसतो. जी-६-पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू राहतो. त्याची कमतरता भारतातल्या काही समाजांत बऱ्यापैकी आढळते आणि थायरॉइडचे बहुतेक रुग्ण स्त्रिया असतात. कमतरतेचं एकच जनुक असलेल्या स्त्रीच्या निरोगी ग्रंथीत चालू आणि बंद अशा दोन्ही पेशी मिसळलेल्या असतात. गाठ मात्र एकाच पेशीपासून वाढलेली असते. त्यामुळे तिच्यात जी-६-पीडी एकतर पुरेपूर दिसेल किंवा जवळजवळ शून्य. असा एखादा टोकाचा आकडा आला तर उपकरणाला दोष देण्याआधी रुग्णाच्या लाल पेशींतलं जी-६-पीडी तपासा.

हेक्झोकायनेज आणि ग्लूट-१ (ग्लुकोज पेशीत नेणारं प्रथिन) यांची वाढ साधारणपणे गाठीच्या पेशी मूळ थायरॉइड पेशींपासून जितक्या दूर गेलेल्या तितकी ठळक, अ‍ॅनाप्लास्टिकमध्ये सर्वाधिक. एफडीजी (ग्लुकोजसारखा किरणोत्सारी रेणू) देऊन केलेल्या पेट स्कॅनमध्ये जे चमकतं ते हेच: ग्लूट-१ एफडीजी आत घेतं, हेक्झोकायनेज त्याला फॉस्फेट लावून अडकवतं. रेडिओआयोडीन घेणं सोडलेली गाठ एफडीजी घेऊ लागते, हा अदलाबदलीचा प्रकार थायरॉइडवाल्यांना परिचित आहे. पण अडेनोमा आणि फॉलिक्युलर कार्सिनोमा यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एन्झाइमवरून निदान करता येत नाही. कुणी तसा अहवाल मागितला तर नाही म्हणा. ऑन्कोसायटिक गाठही पेटवर झळकते, मात्र तिथे पेशी मायटोकॉन्ड्रियाने गच्च असतात आणि त्यांच्यातलं कॉम्प्लेक्स-१ (श्वसनसाखळीचा पहिला टप्पा) अनेकदा बिघडलेलं असतं. अशा गाठी वेगळ्या गटातच ठेवा.

फक्त पॅराफिन ब्लॉक असेल तर

मग क्रिया मोजता येत नाही, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीवर (अँटिबॉडीने स्लाइडवरचं प्रथिन रंगवण्यावर) भागवावं लागतं. इथे भाजकाचा प्रश्न सुटतो, कारण रंग पेशीतच दिसतो. कोलॉइडवर रंग चढला तर तो मोजायचा नाही. ग्लूट-१ साठी त्याच स्लाइडवरच्या लाल पेशी हा आयता पॉझिटिव्ह कंट्रोल आहे. त्यांच्या पटलावर रंग नसेल तर स्लाइड बाद. ग्लूट-१ पटलावर आहे की पेशीद्रवात हे वेगळं लिहा, कारण पटलावरचंच कामाला येतं. हेक्झोकायनेज-२ दाणेदार दिसायला हवं. ते केंद्रकात दिसू लागलं तर अँटिबॉडी पातळ करून पुन्हा लावा. डिटेक्शनसाठी अ‍ॅव्हिडिन-बायोटिन संच नको, पॉलिमरवाला घ्या. ऑन्कोसायटिक पेशींत स्वतःचं बायोटिन इतकं असतं की प्राथमिक अँटिबॉडी न घालताही त्या तपकिरी होतात.